फेट्याखालचं डोकं

मुलांनो, तुम्ही माझं जे चित्र काढून पाठवलंत, त्यात माझे डोळे पार केसांना भिडले आहेत. मी रागावले नाही. शाळेत असताना मीही तेच करत होते, आणि त्यापायी चित्रकलेच्या परीक्षेला माझं नावच जाणार नव्हतं.

तेव्हा आम्ही कोरेगावला होतो. महायुद्ध चालू होतं. परीक्षा साताऱ्याला. वर्गातले चार मुलगे जाणार होते आणि माझ्या वह्या चौघांपेक्षा नेटक्या होत्या, त्यामुळे मला जायचंच होतं.

शेजारी पलटणीतून पेन्शनीत निघालेले एक हवालदार राहत. स्टुलावर बसवलं की तासभर हलत नसत, म्हणून मी त्यांनाच काढत असे. त्यांचं तिसरं चित्र पाहून ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, "अगं, हा माणूस भुवयांपाशीच संपला. मेंदू कुठं ठेवलास?"

"फेट्यात," मी म्हणाले.

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, सोमवारपर्यंत नीट डोकं आलं नाही तर तुझं नाव पाठवणार नाही, असं त्यांनी बजावलं.

मध्यावर? मला पटेना. मोजल्याशिवाय मला काहीच पटत नसे. पण मोजायला उघडं डोकं हवं, आणि आमच्या घरात आजोबांचा फेटा, वडिलांची टोपी, आईचा पदर. स्वतःचं मोजू गेले तर तेलकट केसांवरून दोरा घसरे आणि दर वेळी वेगळंच माप येई.

हवालदारांना विचारलं, तर ते स्टुलावरून उठलेच. "उघडं डोस्कं? आवं ताईसाब, घरात कुनी मेल्याबिगर फेटा उतरत न्हाई आमच्यात!"

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. "मास्तर, मोजायला डोकं मिळालं नाही. तुमचं मिळेल का?"

मास्तरांची काळी टोपी उतरलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. ते उठले, दार लावलं, खिडकी लावली आणि टोपी काढली. आत एक केस नव्हता.

"मोज. लवकर."

मी समोर उभी राहून दोरा ताणला. हनुवटी ते डोळे, डोळे ते टाळू. सारखं. खात्रीसाठी पुन्हा मोजलं.

"पटलं?"

"हो मास्तर."

"मग घालू टोपी? आणि उद्या सकाळी चित्र आण."

त्या संध्याकाळी मी आधी पूर्ण टकलं डोकं काढलं, त्यावर हवालदारांचा फेटा चढवला. सकाळी मास्तरांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, यादी उघडली आणि चार मुलग्यांच्या खाली माझं नाव लिहिलं.

मी चित्र घेऊन धावत हवालदारांकडे गेले. ते खूश झाले. मग नीट खोडायची राहिलेली एक रेघ त्यांना दिसली.

"फेट्यात ही रेघ कशाची वो?"

"तुमचं डोकं आहे ते."

"म्या तर दावलं न्हाई."

"मास्तरांचं बसवलंय," मी कबूल केलं.

हवालदारांनी कागद लांब धरला, मान वाकडी करून पाहिला.

"शिकल्यालं डोस्कं हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. खोडू नगा."