तपासले, ठीक आहे

पॅनमामा साखरेचा दाणा जिभेवर ओळखायचे. कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर पॅन असतो, म्हणजे उसाचा रस आटवून त्यातून साखरेचे दाणे पाडणारं भलंमोठं बंद भांडं. त्यातला पाक सळईनं बाहेर काढायचा, काचपट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरून दाणा बघायचा, अशी रीत. मामाही ते सगळं करत. पण काचपट्टी त्यांच्या लेखी फक्त रीत होती. खरा निकाल शेवटी लागायचा. पाक अंगठ्यावर घेऊन ते चाटत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "अजून पाच मिन्टं." किंवा, "सोडा आता."

मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. वय पंचविशीचं, बी.एस्सी.ची पदवी ताजी आणि डोक्यात तिची हवा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना शहाणपणा शिकवायला गेलो. "मामा, पाक काय, साखर काय, गोडच लागणार. चाखून काय कळतंय?" ते रागावले नाहीत. माझ्या अंगठ्यावर पाक घातला, म्हणाले, "गोड तर समदंच आसतंय साहेब. जिभंला टोचतंय का बघा." मला काहीच टोचलं नाही. त्यांनी आणखी थोड्या वेळानं पुन्हा चाखायला लावलं, तेव्हा जिभेवर बारीक वाळू आल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या निकालानंतर माझी उपकरणं लावू लागलो. दोन्ही निकाल जुळायचे, आणि जुळले नाहीत तर मी माझी उपकरणं पुन्हा पुसून घ्यायचो.

एका पाळीत ते किती वेळा चाटत असतील? चाळीस वेळा, पन्नास वेळा. आणि एवढं करून हा माणूस चहा बिनसाखरेचा प्यायचा! कामगारांना सवलतीत मिळणारी साखर शेजारपाजारी वाटून टाकायचा. लग्नात बुंदी आली की पत्रावळीवर हात आडवा धरायचा. "गोडाचा वीट आलाय" म्हणायचा. त्यामुळं आख्ख्या वसाहतीत एकच बोलबाला होता, पॅनमामा गोडाला शिवत नाहीत. मामांचाही स्वतःबद्दल तोच समज होता. कुणी अंगठ्याकडं बोट दाखवलं तर ते ठसक्यात सांगत, "चाखनं म्हंजे खानं न्हवं. चाखनं ही डूटी हाय." यावर आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, हे आधीच सांगून ठेवतो.

मामा अणदूरकडचे. बहात्तरच्या दुष्काळात दोघं नवराबायको खडी फोडायला होती. तिथं मिळणारी सुकडी आधी मुलांना आणि उरली तर आपल्याला, असे ते दिवस. पुढं कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हा ते डोक्यावर पाट्या वाहायला आले, कारखाना उभा राहिल्यावर पॅनवर मदतनीस म्हणून चिकटले, आणि कोल्हापूरकडच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून स्वतः मिस्त्री झाले. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पहिल्या हंगामातली चिमूटभर साखर काचेच्या बाटलीत ठेवलेली होती. एकदा ती दाखवून मला म्हणाले, "आमच्या बापाला गावच्या हिरीवर पानी भरू दिलं न्हाय कुनी. आन् आज माझ्या आंगठ्यानं सांगितल्याबिगर तालुक्याची साखर पोत्यात पडत न्हाय." तो अंगठा त्यांचा किती मोठा मान होता, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणूनही असेल, तो चाटू नका असं म्हणायची माझी जीभ कधी रेटली नाही. पण हे कारण अर्धंच आहे.

ऐंशीनंतरची गोष्ट. त्या हंगामात मामांना पॅनचे जिने चढताना दम लागू लागला. दोन मजले चढले की कठड्याला धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं की साहेब." वय होतं पंचेचाळीसच्या आसपास. पोट सुटलं होतं, मानेवर घट्टे आल्यासारखा काळा पट्टा दिसायचा. त्यांची बायको शेवंतामामी, बोलायला कमी आणि नजरेनं पक्की. जानेवारीत कामगारांसाठी आरोग्य शिबिर लागलं आणि सोलापूरचे डॉक्टर रक्त तपासायला येणार असं कळलं, तेव्हा मामींनीच त्यांच्यामागं टुमणं लावलं. "ह्येंला घिऊन जावा साहेब, माझं आयकत न्हाईत. जिना चडला की दम लागलालाय."

शिबिर सकाळी आठ वाजता कारखान्याच्या दवाखान्यात होतं. नावं लिहून घ्यायला मला बसवलं होतं. रात्रीपासून काही न खाता यायचं, अशी सगळ्यांना ताकीद होती. मामांची पाळी पहाटे चारची. ते पॅनवरून तसेच खाली आले, बाही वर सरकवली. मी विचारलं, "मामा, उपाशी ना?" ते म्हणाले, "च्यासुदिक न्हाय घेतला." आणि अर्जावर बोट ठेवून सही कुठं करायची ते विचारलं. त्यांचा अंगठा कागदाला चिकटला. चार तासांचा पाक होता त्यावर. मी तो बघितला, गालातल्या गालात हसलो आणि पुढचं नाव पुकारलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. इंग्रजीत होते, म्हणून मामा आपला घेऊन प्रयोगशाळेत आले. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एरवी त्यांच्या निकालाची वाट मी बघायचो. त्या दिवशी ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

रिपोर्टवर तीन आकडे होते. उपाशीपोटीची साखर एकशे अठरा. कोलेस्टेरॉल एकशे ब्याण्णव. आणि ट्रायग्लिसराइड चारशे दहा. खाली डॉक्टरांनी हातानं इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, पुन्हा पूर्ण उपाशीपोटी तपासणी करावी आणि येऊन भेटावं.

मला काय कळत होतं? कोलेस्टेरॉल हा शब्द मी ऐकला होता. तो हृदयाशी संबंधित, तो दोनशेच्या आत हवा, एवढी माझी अक्कल. तो आत होता. साखर थोडी वर होती, पण मधुमेह म्हणावा एवढी नव्हती. राहिलं ते लांबलचक नाव. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, आणि माहीत नाही असं म्हणायची सवयही नव्हती.

"ह्यो पैला आकडा?" मामांनी विचारलं.

"साखर. किंचित जास्त आहे. तुम्ही पाक चाटून आला होता ना, त्यानं."

"आन् ह्यो?"

"कोलेस्टेरॉल. हृदयाचं. एकदम नॉर्मल."

"आन् ह्यो लांबडा शब्द? चारशे म्हंजी लईच की."

"तोही पाकाचाच," मी म्हणालो.

खालची ओळ मी वाचून दाखवली नाही. का नाही, ते इतक्या वर्षांनी तरी सरळ सांगायला हवं. दुसऱ्या पाळीचा पॅन मिस्त्री विषमज्वरानं घरी पडून होता. आदल्या आठवड्यात दाणा बारीक पडला म्हणून चेअरमननी मला चारचौघांत झाडलं होतं. मामा दोन दिवस सोलापूरला गेले असते तर माझं काही खरं नव्हतं. ते पाक चाटून आले होते, हे मला ठाऊक होतं. खरं तर म्हणूनच तपासणी पुन्हा व्हायला हवी होती. मी तेच कारण उलटं लावलं आणि तपासणी टाळली. मनाशी म्हटलं, हंगाम संपला की एप्रिलात आपणच घेऊन जाऊ.

मामांचा चेहरा खुलला. टोपी घालून म्हणाले, "मग मराठीत लिवून द्या. घरात दावायचंय, ती काय माझ्या तोंडाचं खरं धरत न्हाय."

मी लाल पेन्सिलीनं रिपोर्टवर लिहिलं, 'कोलेस्टेरॉल नॉर्मल. काळजीचे कारण नाही.' खाली सही केली. ते शिक्क्याकडं बघू लागले. साखरेच्या नमुन्यावर आम्ही जो शिक्का मारायचो तो टेबलावर होता, 'तपासले, ठीक आहे'. "त्यो बी मारा की," म्हणाले. आम्ही दोघंही हसलो, आणि मी शिक्का मारला. तो नेमका डॉक्टरांच्या ओळीवर बसला. बसला कसला, मीच तो तिथं बसवला. मामांनी कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि वरच्या खिशात ठेवली.

एप्रिल आला. माझं लग्न ठरलं होतं, मी रजेवर गेलो. पावसाळा यंत्रांच्या दुरुस्तीत गेला. दिवाळीनंतर बॉयलर पेटला तेव्हा जिन्यात मामा भेटले, कठड्याला धरून उभे होते. "साहेब, ते रगताचं परत एकदा बगायचं का? पायाला मुंग्या यायल्यात." मी म्हणालो, "बघू मामा. एवढं गाळप मार्गी लागू द्या." ते म्हणाले, "व्हय, तुमी हाव की." आणि हळूहळू वर चढून गेले.

माघात त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली. पुढचं मला जलदान विधीच्या दिवशी मामींनी सांगितलं. मामी म्हणाल्या होत्या, कारखान्याची जीप आणवते, सोलापूरला जाऊ. मामांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून कागद काढायला लावला. "साहेबानं तपासलंय. हुरदं ठीक हाय. पित्त आसंल, सोडा दी." सोडा पिऊन ते पडले. बारा वाजता मामी उठवायला गेल्या तेव्हा अंग गार लागलं.

हे सांगताना मामी रडत नव्हत्या. त्यांनी माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला, घरात तीच सवय होती. मग म्हणाल्या, "तुमी तपासल्यालं हुतं म्हनून बरं साहेब. न्हायतर जल्मभर रुखरुख ऱ्हायली आसती, आपुन येळेवर बगितलं न्हाय म्हनून."

मी मान डोलावली. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात वाईट काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी शिक्क्याचं नाव घेणार नाही. शिक्का अडाणीपणात आणि चेअरमनच्या भीतीनं मारला होता. ही मान मात्र मी पुरत्या शुद्धीवर डोलावली.

गेल्या वर्षी माझा स्वतःचा रिपोर्ट आला. साखर उंबरठ्यावर, कोलेस्टेरॉल ठीक, ट्रायग्लिसराइड वर. आकडे जवळजवळ तेच. माझी डॉक्टरीण नातीच्या वयाची आहे. तिनं कागद उलटा करून मला समजावलं. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबीच, पण ती तेलातुपातूनच येते असं नाही. गोड आणि पिठूळ जास्त झालं की यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडतं. साखर थोडी वर आणि ही चरबी बरीच वर, अशी जोडी दिसली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय असं समजायचं, मग एकटं कोलेस्टेरॉल चांगलं असून भागत नाही. "आणि काका, पोटात काही गेलं असेल तर अंदाज बांधायचा नाही. बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासायचं," ती म्हणाली. मी विचारलं, "अंगठ्यावरचा पाक चालतो का?" तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

मी पुन्हा तपासणी करून घेतली. गोळ्या चालू झाल्या, भाकरी मोजकी झाली, सकाळी फिरायला लागलो. मामांच्या वयापेक्षा पंचवीस वर्षं जास्त जगून मला ही संधी मिळाली. ती त्यांचीही होती. तेव्हा आजच्यासारखी औषधं नसतील, पण अंगठा पुसायला फडकं होतं. डॉक्टर होते, आणि सोलापूरची एसटी दर तासाला होती.

मग राहवलं नाही. मामी आता राहतात तिथं, अणदूरला गेलो. मामी आता ऐंशीच्या पुढं आहेत, नजर अधू झालीय, पण आवाजावरून ओळखलं. "चात साखर घालू का साहेब?" मी नको म्हटलं. आणि चहा गार होईपर्यंत सगळं सांगितलं. चिकट अंगठा, लांबडा शब्द, खालची ओळ, चेअरमन, शिक्का.

सांगून झाल्यावर त्या उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"इतकी वरसं म्या ह्येच्या भरवशावर निजत हुते," त्या म्हणाल्या. "आता तुमीच ठिवा."

त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं नाही. एसटीत बसल्यावर मी घडी उलगडली. लाल पेन्सिल पुसट झालीय. शिक्क्याची निळी शाई पार उडालीय, आणि तिच्याखालची डॉक्टरांची ओळ आता स्वच्छ वाचता येते.