कात्रीने कापलेलं बिल

पन्नासच्या दशकात मी पुण्यातल्या एका सरकारी छापखान्यात जुळारी होतो. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, शेजारी शेजारी लावायचे आणि छापायच्या ओळी तयार करायच्या. राहायला दापोडीला, रेल्वेलाइनीला लागून एका खोलीत. सकाळी सायकलवर टांग टाकायची, पूल ओलांडायचा, खडकी मागे टाकायची आणि आठच्या आत खिळ्यांच्या केसपुढे, म्हणजे कप्प्याकप्प्यांच्या पेटीपुढे, उभं राहायचं. राग तेव्हाही माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि आजही आहे, घरचे साक्षीला आहेत.

पावसाळ्यात मुंबई राज्याची विधानसभा पुण्याला भरायची, आणि मग आमचे हाल कुत्रं खात नसे. बिलं तरी किती! एक बाजारांचं, एक शाळांच्या बोर्डांचं, एक कसल्याशा कराचं. बिल मूळ इंग्रजीत असे, पण गॅझेटात त्याचं मराठीही छापावं लागे, आणि ते आमच्या बोकांडी. आज जुळवलेलं उद्या दुरुस्त होऊन परत यायचं. कुणी आमदार उठायचा, ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घाला म्हणायचा, सभागृहात तासभर वाद व्हायचा आणि इकडे आम्ही चिमट्याने खिळे उपटत बसायचो.

भाषांतराचे कागद आले की फोरमन खिशातून कात्री काढत. कचाकच पट्ट्या कापत आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवत. दहा जणांनी दहा पट्ट्या एकदम जुळवल्या की काम दहापट लवकर. शेवटी सगळं सांधायचं आणि पान बांधायचं. म्हणजे अख्खं बिल आमच्या हातांखालून जायचं, पण आमच्यातल्या एकानेही ते अख्खं वाचलेलं नसायचं. त्यात खिळ्यावरचं अक्षर उलटं. हाताला ते ओळखू येतं, आणि डोकं आपलं घरी आज भाजी काय असेल या विचारात. शिवाय फोरमनची पहिल्या दिवसापासूनची ताकीद होती, की इथे जुळवलेलं इथेच सोडून जायचं, बाहेर त्यावर चकार शब्द नाही.

त्या वर्षी कूळ कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आलं. ती पट्टी मात्र मी डोळे उघडे ठेवून जुळवली, कारण माझी आत्या कूळ होती.

माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. मला वाढवलं आत्याने, दिघीला. तिचा नवरा तरुणपणीच गेला, पोटी मूल नाही. कसायला तीन एकर रान होतं, तेही दुसऱ्याचं. मालकीण पुण्यात पेठेत राहणाऱ्या एक बाई. नवरा गेल्यावर आत्याला सगळे म्हणाले, रान सोड. तिने सोडलं नाही. पदर खोचून स्वतः औत धरलं. बाई नांगरते म्हणून बघायला गडी बांधावर थांबत, तर ही म्हणायची, “बघता काय रं, धरा की थोडं!” मी शाळेत गेलो, शहाणा झालो, छापखान्यात चिकटलो, ते त्या रानाच्या जिवावर आणि तिच्या हाडांच्या जिवावर.

एवढ्या वर्षांत तिने त्या रानात झाड लावलं नव्हतं. आमच्याकडे कूळ झाड लावत नसे. ज्वारी पेरा, घेवडा लावा, सहा महिन्यांत काढून घ्या. आंब्याला बहर यायला आठ-दहा वर्षं, आणि पुढच्या साली रान आपल्याकडे राहील की नाही याचीच खात्री नाही. मग झाड कुणासाठी लावायचं? आत्या दुपारची भाकरी खायला शेजाऱ्याच्या बांधावर, त्याच्या आंब्याखाली जायची. शेजारी कधी काही बोलला नाही, पण तिला ते बोचायचं. “आपल्या रानात आपली सावली न्हाई,” असं ती कधीमधी म्हणायची आणि लगेच विषय बदलायची.

तर एका रविवारी ती दिघीहून चालत दापोडीला आली. फडक्यात घेवडा, वर चार भाकऱ्या. माझ्या बायकोने चहा टाकला, पण आत्याचं लक्ष चहात नव्हतं.

“गावात बिलाबिगर दुसरी बोली न्हाई,” ती म्हणाली. “कोन म्हनतं कुळास्नी जिमीन मिळनार, कोन म्हनतं समद्या थापा हायेत. म्या म्हनलं, माझं लेकरू छापतंय ते. त्यालाच इचारते.”

इथे मी म्हणायला हवं होतं, आत्या, मला काही ठाऊक नाही. पण बायको समोर उभी, आत्या तोंडाकडे बघतेय, मी लगेच फुशारलो. दोनच दिवसांपूर्वी माझ्या पट्टीत आलं होतं, की ठरलेल्या दिवसापासून कसणारं कूळच जमिनीचं मालक समजलं जाईल.

“माझ्या या हातांनी जुळवलंय,” मी बोटं नाचवत म्हणालो. “कसेल तो मालक. रान तुझं झालं समज.”

“खरं का रं?”

“अगं, छापलंय!”

माझी बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. शिशाने काळी पडलेली बोटं, धुऊनही न निघणारी. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पुढच्या खेपेला मी दिघीला गेलो तर रानाच्या कडेला आंब्याची तीन कलमं उभी! चाकणच्या बाजारातून आणलेली, भोवती काट्यांचं कुंपण, शेण घालून आळी केलेली. गावातले म्हणत होते, अगं बाई, कायदा अजून व्हायचाय, तिकडे वाद चाललेत. ती ठसक्यात सांगायची, “माझ्या पोरानं छापलाय.” मी स्वतःची समजूत घातली. वाद काय, होतच असतात.

बिल पास झालं. शेवटची शुद्ध प्रत छापायची वेळ आली आणि नेमका प्रूफ वाचणाऱ्याचा मदतनीस तापाने पडला. फोरमनने मला ओढलं. काम सोपं, मी मूळ कागद मोठ्याने वाचायचा, प्रूफवाल्याने छापील ओळ तपासायची. अशा रीतीने ते बिल मी पहिल्यांदा सलग, सुरुवातीपासून वाचलं.

माझी पट्टी आली. छाती फुगवून वाचली. लगेच तिच्या खालचा मजकूर आला. जमिनीचा मालक अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल, अपंग असेल किंवा विधवा असेल, तर कुळाचा हा हक्क थांबेल. विधवेच्या बाबतीत, तिचा हक्क संपेपर्यंत.

मी वाचायचा थांबलो.

“वाचा की राव,” प्रूफवाले म्हणाले. “स्वल्पविराम आहे का तिथे?”

पेठेतल्या त्या बाई विधवा होत्या. मला जन्मापासून ठाऊक होतं. आत्याबरोबर लहानपणी दहा वेळा त्यांच्याकडे गेलो होतो.

मी ताडकन उठलो आणि माझ्या शेजारच्या केसवर काम करणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो. माझ्या खालची पट्टी त्यांचीच असणार, पट्ट्या त्याच क्रमाने वाटल्या जात. माझी आत्या कूळ आहे हे त्यांना ठाऊक होतं.

“विधवेचं कलम तुम्ही जुळवलंत?”

“जुळवलं असेल.”

“मग बोलला का नाहीत?” मी ओरडलोच. अख्खं खातं थांबलं.

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. “काय बोलू? तुझ्या आत्याची मालकीण विधवा आहे का सवाष्ण, हे मी खिळ्यांना विचारायचं होतं?”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचा सूर एकदम बदलला. “सांगून बसलास होय रे घरी?” मी मान हलवली. “जा,” तो म्हणाला. “अर्धा दिवस काढ आणि जा. तुझं काम ओढतो मी. फोरमनला काही सांगू नकोस.”

सायकल मारत दिघीला जाताना वाटभर मी शिव्या देत होतो. आमदारांना, फोरमनच्या कात्रीला, स्वतःला तर सगळ्यात जास्त. पण खरं सांगू, कलमात खोट काढता येईना. नवरा गेलेली, दुसरा आधार नसलेली बाई, तिचा तुकडा एकदम काढून घ्यायचा का? नाही म्हणूनच कुणीतरी भल्या माणसाने ते घातलं असणार. फक्त ते घालताना कूळही विधवा असू शकतं हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

आत्या रानात खुरपत होती. मला भर दुपारी बघून ती घाबरलीच. “का रं, काय झालं? सूनबाई बरी हाय न्हवं?”

मी बांधावर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. मी अर्धंच वाचलं होतं. तेवढ्यावर बढाई मारली. रान तुझं होणार नाही, निदान आता नाही. बाई आहेत तोवर नाही.

आत्याचं खुरपं हातातच राहिलं. ती रडेल, नाहीतर मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. ती नुसती समोरच्या कलमांकडे बघत होती. मग तिने विचारलं, “बाईचं वय काय आसंल रं आता?”

“साठीच्या पुढे असतील,” मी म्हणालो.

आणि एकदम आत्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. फाडकन आवाज झाला.

“जळो माझं तोंड!” ती म्हणाली. “म्या तिच्या मरनाचा हिसाब केला रं!”

मी तिचा हात धरला. “आत्या, तू नुसतं विचारलंस गं.”

“न्हाई. नुसतं न्हाई इचारलं. मला म्हाईत हाय, म्या का इचारलं.”

दुसऱ्या दिवशी तिने मला पुण्याला न्यायला लावलं. टोपलीत घेवडा, कोवळ्या काकड्या, थोडं तूप. पेठेत बाईंच्या दोन खोल्या. दार उघडलं आणि आत्याला बघून बाईंचा चेहरा उतरला. पलंगावर वर्तमानपत्रांचा ढीग होता, त्यावर भिंग.

“आलीस?” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच होतं कधीतरी येशील. रोज वाचते गं मी, सगळं छापून येतं, पण आमच्यासारखीचं काय ते कुठे सापडत नाही. शेजारी म्हणतात, रान गेलं तुमचं. खरं का?”

मला तेव्हा कळलं. अधिवेशन चाललं होतं तेवढे दिवस दिघीला एक बाई जागी होती आणि पेठेत दुसरी.

आत्याने टोपली खाली ठेवली आणि बाईंच्या पायाशी फरशीवर बसली. “कायदा झालाय, बाई. तुमी हाय तवर रान तुमचं. कुनी हात लावनार न्हाई. माझ्या लेकरानं समदं वाचलंय.”

बाई पलंगावर बसल्या. पदराचा बोळा तोंडावर धरून त्या रडल्या आणि आत्या त्यांच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.

“अन् बाई, एक पाप झालंय,” आत्या म्हणाली. “हे कळल्यावर म्या तुमचं वय इचारलं. ते मनात ठिवून घरी बसवंना, म्हून आले. लई जगा. शंभर वर्सं जगा.”

बाईंनी डोळे पुसले. “आणि तुझं काय गं मग?”

“माझं काय? कसतेच की म्या.”

बाईंनी तिला हळदीकुंकू लावलं नाही, दोघी विधवा. पण आतून एक खण आणला आणि आत्याच्या हातात दिला. तिथेच जेवायला बसवलं. परत निघताना दोघी दारात कितीतरी वेळ बोलत उभ्या होत्या, गुडघेदुखीवर काय लावायचं ते.

रस्त्यावर आलो. माझा जीव भांड्यात पडला होता. आत्याचा मला फार अभिमान वाटत होता. मी म्हणालो, “आत्या, तू देवमाणूस आहेस.”

ती थांबली. एका बंद दुकानाची पायरी बघून बसली आणि पदर डोळ्यांना लावून ओक्साबोक्शी रडायला लागली. आयुष्यात मी तिला तसं रडताना बघितलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

“बाई जगू दे,” ती हुंदके देत म्हणाली. “मनापास्नं म्हनले म्या. पन मला पायजे व्हतं रं ते रान. लई पायजे व्हतं.”