एकतीस टोप्या आणि वन्संची बोट

शी! त्या निळ्या टोप्या आठवल्या तरी मला किळस येते. एकतीस वाटल्या. एकतीस! आणि त्यांतलं एक डोकं कामाला आलं असेल तर शपथ.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सोमवार ते शनिवार शिलाईचं दुकान, आणि रविवारी तलावाचा धक्का. बावीस वर्षं. कुणी बोट सोडायला आलं की या आडव्या उभ्या. "जॅकेट? शिट्टी? पाणी उपसायला डबा?" यांतलं एक जरी नसलं तरी बोट सुटायची नाही, मग समोर कोणी का असेना. जॅकेटचे उसवलेले पट्टे घरी आणून दुहेरी टीप मारायच्या आणि स्वतः लोंबकळून बघायच्या, तुटतात का.

धक्क्यावर सुरक्षा सोसायटीची एक बचाव-बोट होती. ती एकट्याने न्यायची नाही. एकाने इंजिन धरायचं, दुसऱ्याने पाण्यातल्याला ओढायचं. वन्संचे जोडीदार म्हणजे एक रिटायर पोस्टमन, ते लेकीकडे राहायला गेले. झालं! सोसायटीचं पत्र आलं: हंगाम संपेपर्यंत धक्क्यावर दुसरं कायमचं माणूस दाखवा, नाहीतर बोट दुसरीकडे जाईल. म्हणजे कुणी बुडालं तर वन्संच्या हातात नुसता दोर.

मग सोसायटीच्या इथल्या शाखेच्या नव्या सेक्रेटरीने भरतीचा कार्यक्रम केला. मंडप, माइक, टोप्या, फोटो. आणि सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी! वन्संनी आधीच सांगितलं होतं, "ते शेवटच्या रविवारी द्या." तर हा हसला. "ताई, आधी हातात काहीतरी पडलं की माणूस टिकतो."

टिकतो कसला, डोंबल! दुसऱ्या रविवारी नऊ आले, तिसऱ्या रविवारी चार. चौथ्या रविवारी एक बाई आली, ती टोपी घट्ट होते म्हणून बदलून मागायला. वन्संनी सगळ्यांना फोन लावले. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाकडे पाहुणे. एक जण म्हणाला, "ताई, मी फोटोपुरता आलो होतो." त्याने निदान खरं तरी सांगितलं. त्यांतल्या एका चष्म्याच्या दुकानदाराने तर सर्टिफिकेट काचेत घालून दुकानात लावलंय, मी स्वतः पाहिलं.

"मेल्यांना लाज कशी वाटत नाही?" मी वन्संच्या दुकानात बसून तोंडाचा पट्टा सोडला होता.

वन्सं सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "तू येतेस का मग?"

"मी? वन्सं, आठवड्यात एकच रविवार असतो हो मला."

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. खरं तर रविवारी धक्क्यावर त्यांना जेवणाचा डबा द्यायला जाता जाता त्यांनी मला सगळं शिकवलं होतं. जॅकेट घालून उडी मारणं, इंजिनाची दोरी एका झटक्यात ओढणं, माणसाला काखेत धरून वर घेणं. तेव्हा मजा वाटायची.

हंगामाच्या शेवटी सोसायटीच्या तपासनीस बाई आल्या. सेक्रेटरीने आपल्या मेव्हण्याला टोपी घालून उभं केलं. वन्संनी त्याच्या हातात जॅकेट दिलं. "घाला." पठ्ठ्याने ते उलटं घातलं.

"कुणी बुडत असेल तर काय कराल?" वन्संनी पुढे विचारलं.

"भाऊजींना फोन करीन."

सेक्रेटरी दात काढत कुजबुजला, "ताई, सही करून टाका ना, बोट राहील."

"आणि उद्या याच्या भरवशावर मी पाण्यात जाऊ?" वन्संनी कागदावरचं त्याचं नाव खोडलं.

तपासनीस बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि या?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. चांगला वेळ घेऊन पाहिलं. मी डब्याचं झाकण घट्ट करत राहिले.

"भावजय आहे," शेवटी त्याच म्हणाल्या. "डबा द्यायला येते."

सोमवारी बोट ट्रेलरवर चढवून नेली. पुढच्या रविवारी वन्सं दोर घेऊन धक्क्यावर उभ्या होत्याच. डबा मी शेजारणीबरोबर पाठवला.

त्या एकतीस जणांची मला आजही किळस येते. पण त्यांना निदान कुणी काही शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं.