बावीस ठिकाणी ‘तुम्ही’

सुदर्शन आठल्ये हा माणूस विनायकरावांना कळला होता, असं म्हणणं धाडसाचं होईल. सोळा वर्षं तो त्यांचा जावई होता. पण एका छपराखाली काढलेले दिवस एकत्र केले, तर जेमतेम वर्ष भरेल. तीन-तीन महिन्यांच्या व्हिसावर हॉलंडमधल्या आल्मेरेत काढलेले चार उन्हाळे, बस. त्याला चहा बिनसाखरेचा लागतो, फोनवर बोलताना तो उभा राहतो आणि सायकलीच्या चाकात हवा स्वतःच भरतो, एवढं ते खात्रीने सांगू शकले असते. आता तर तो जावईही राहिलेला नाही. गेल्या डिसेंबरात अमृताचा पुण्याला फोन आला, “नाना, आम्ही वेगळे झालोय. तो अ‍ॅमस्टरडॅममध्ये, झुइडओस्टला फ्लॅट घेऊन राहतोय.” विनायकराव “बरं” म्हणाले. का, कधीपासून, हे लेकीला विचारायचा धीर त्यांना झाला नाही. ज्या गोष्टीबद्दल त्यांना मनापासून विचारायचं होतं, ती तिला ठाऊकच नव्हती.

ती गोष्ट त्या घराच्या माळ्यावरची होती.

आल्मेरेची घरं मोठी. उतरत्या छपराखाली एक माळा असतो, त्याला तिथे झोल्डर म्हणतात. बाकीच्यांच्या झोल्डरवर कपडे वाळत घातलेले असतात आणि जुन्या सुटकेसा पडलेल्या असतात. आठल्यांच्या झोल्डरवर तेन्गारा होता. साठ मीटर उंचीचा पोलादी यंत्रमानव, अर्थात इथे वीतभर उंचीचा आणि प्लॅस्टिकचा. निळा, लाल, पंखवाला, बिनपंखांचा, असे तीस-पस्तीस तेन्गारा फळ्यांवर ओळीने उभे होते. चाळीस वर्षांत या जपानी मालिकेचे किती अवतार निघाले, त्याचा हिशेब सुदर्शन बोटांवर सांगायचा. मूळ गोष्ट मात्र एकच. शनीच्या कुठल्याशा चंद्रावरून बर्फाखालचे लोक पृथ्वीवर चालून येतात आणि पाच मुलं या यंत्राच्या छातीत बसून त्यांच्याशी लढतात. पाचही जणं तेरा ते सतरा वयाची, कारण अठरा पूर्ण झालेला माणूस यंत्राला चालत नाही. मोठ्या माणसाचं मन कचरतं, ते यंत्राला कळतं, असं काहीतरी. अठराव्या वाढदिवशी पायलटने शिरस्त्राण परत करायचं आणि खाली कारखान्यात पाना-पक्कड घेऊन उभं राहायचं.

“आमच्या आयटीसारखंच, नाना,” सुदर्शन एकदा म्हणाला होता. “आधी आपण लिहायचं, मग वय झालं की दुसऱ्याने लिहिलेलं तपासायचं.”

विनायकराव हसले होते. त्यांनी तर उभा जन्म दुसऱ्याने लिहिलेलंच तपासलं होतं. पुण्यातल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं ते मुद्रितशोधक होते. मार्गदर्शकं, प्रश्नसंच, पंचांगं. स्वतःचं म्हणून एक पानही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

सुदर्शनला हे वेड बाराव्या वर्षी लागलं. त्याचे मामा जहाजावर होते. कोबेहून येताना त्यांनी तेन्गाराच्या सहा कॅसेट आणल्या. सगळं जपानीत, खाली एक अक्षर नाही. साताऱ्याच्या त्यांच्या सोसायटीतली पोरं जमायची आणि सुदर्शन टीव्हीशेजारी उभा राहून, ओठ हलतील तसा, सगळ्यांचे संवाद मराठीत म्हणायचा. एकही शब्द कळत नव्हता, सगळं मनचं. पुढे खरंच जपानी शिकल्यावर त्याला कळलं, की ज्या बाईला तो दुष्ट राणी म्हणून रंगवायचा, ती बिचारी त्या मुलांची डॉक्टर होती.

जपानी तो शिकला आल्मेरे ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गाडीत. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस, अकरा वर्षं. अमृताला आधी कौतुक होतं, मग ते ओसरलं. ती इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली, डच शिकली, नोकरीला लागली, आता तिच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. “आमच्या घरात दोन पायलट आहेत, नाना,” ती म्हणायची. “एक तेरा वर्षांची आणि एक सेहेचाळीस वर्षांचा. त्यातल्या त्यात तेरावाली समजूतदार.”

तेरा वर्षांची म्हणजे सानिका. ती बापाला म्हणायची, “ए बाबा, तू माझा चार्जर घेतलास? गीव्ह इट बॅक ना!” विनायकरावांच्या कानाला ते खटकायचं. त्यांनी स्वतःच्या वडिलांना ‘अहो’च म्हटलं, अमृताही त्यांना ‘नाना, तुम्ही’ म्हणते. पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलायचं?

चौथ्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, सुदर्शन एके दिवशी कामावरून आला तो सायकलीला कुलूप न लावताच. तेन्गाराची पहिली मालिका भारतीय भाषांतून येणार होती, मराठीतसुद्धा. सबटायटल करून घेणाऱ्या इथल्याच एका कंपनीने अनुवादक शोधायला घेतले होते. शेवटचा, सव्विसावा भाग नमुना म्हणून करून पाठवायचा. जमला, तर सगळे सव्वीस भाग त्याचे.

“नोकरी सोडणार का?” अमृताने विचारलं.

“नाही गं. रविवारी करीन. सुट्ट्या घेईन. पण मराठीत तेन्गारा येणार आणि तो मी न करता...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. एरवी तुटक बोलणारा माणूस, पण त्याचा चेहरा असा कधी दिसला नव्हता.

तीन आठवडे झोल्डरवरचा दिवा लागलेला असायचा. मग एका शनिवारी त्याने छापील कागदांची चळत विनायकरावांपुढे ठेवली. “नाना, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघाल? माझं शुद्धलेखन सातारी आहे.”

किती वर्षांनी कोणी त्यांच्यापुढे कागद ठेवले होते! विनायकरावांनी लाल पेन मागून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ बघितले, विरामचिन्हं बघितली, आणि मग अडतीस वर्षांची सवय हात धरून पुढे घेऊन गेली. मायुमी नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायलट होती आणि लष्करी तळाचा प्रमुख अधिकारी तिचा बाप होता. ती त्याला सगळीकडे ‘तुम्ही’ म्हणत होती. “तुम्ही आज्ञा करा.” “तुमचा निर्णय मान्य आहे.” शेवटच्या पानावर मात्र, शेवटच्या लढाईला निघताना, ती म्हणत होती, “बाबा, तू जेवलास का?”

विनायकरावांनी मागची पानं चाळली. बावीस ठिकाणी ‘तुम्ही’, तेविसाव्या ठिकाणी ‘तू’. त्यांनी ‘तू जेवलास’ला काट मारली आणि समासात लिहिलं, ‘तुम्ही जेवलात’.

चित्र त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायचं असतं, हे त्यांना सुचलंही नाही. छापखान्यात मजकूर तपासायचा, चित्रं दुसरा माणूस बघायचा.

रविवारी दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. विनायकराव दुरुस्त्या वाचून दाखवायचे, सुदर्शन लॅपटॉपवर उतरवायचा. “‘नियंत्रण’चा ‘यं’ बघा.” “‘कवचा’नंतर स्वल्पविराम.” काम झरझर चाललं होतं. शेवटच्या पानावर सुदर्शनचा हात थांबला.

“नाना, इथे मी ‘तू जेवलास का’ ठेवलं होतं.”

“हो, पण मागे बावीस ठिकाणी ‘तुम्ही’ आहे. मी मोजलंय. एकदम ‘तू’ कसं येईल? एकवाक्यता जाते.”

“ते आहे, पण इथे ती जरा...”

“शिवाय ते तिचे वरिष्ठ. वडीलही. सुदर्शनराव, वाचणारा म्हणेल, कोणी तपासलंच नाही.”

सुदर्शन पडद्याकडे बघत राहिला. बाहेर शेजारची डच बाई कुंपण कापत होती, तिच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. तो आता काहीतरी बोलेल असं विनायकरावांना वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वाट पाहिली, पण ती अशी, की समोरच्याने न बोललेलंच बरं.

“बरोबर आहे, नाना,” तो म्हणाला. आणि त्याने टाइप केलं.

तीन दिवसांनी फाइल गेली. आपण अजून उपयोगाचे आहोत, या समाधानात विनायकराव रोज तळ्याच्या काठाने दोन फेऱ्या जास्त मारू लागले.

उत्तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. सहा वाजता सगळे जेवायला बसले होते, बाहेर लख्ख ऊन होतं.

“नाही झालं,” सुदर्शन म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली.

“काय म्हणतात?” अमृताने त्याचा फोन ओढला आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागली. “भाषा स्वच्छ आहे म्हणे... शुद्धलेखन उत्तम... हां. पण हा भाग ज्या एका वाक्यासाठी निवडला होता, तेच अनुवादकाला उमगलेलं नाही. मुलगी सगळ्या मालिकेत अधिकाऱ्याशी बोलते, शेवटी पहिल्यांदा वडिलांशी बोलते. मराठीत हा फरक दाखवणं सहज शक्य असताना तो दाखवलेला नाही.” तिने फोन खाली ठेवला. “हे काय रे? अकरा वर्षं जपानी शिकलास आणि एवढं कळलं नाही?”

सुदर्शनने घास गिळला. “राहिलं खरं,” तो म्हणाला.

“राहिलं कसं? लहानपणापासून शंभर वेळा बघितलंयस ना तू ते?”

“राहिलं, अमृता.”

विनायकरावांच्या हातात पोळीचा तुकडा होता. सुदर्शनने त्यांच्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे त्यांना कळलं. आत्ता बोलायला हवं होतं. ‘अगं, ती काट माझी आहे.’ तोंड उघडायचा अवकाश होता. पण लेकीसमोर, नातीसमोर, ज्या एकाच कामात आयुष्यभर आपल्याला कोणी नाव ठेवलं नाही, त्या कामातली चूक कबूल करायची! त्यांनी तुकडा आमटीत बुडवला. अमृता म्हणाली, “म्हणजे एवढे रविवार गेले ते गेलेच,” आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी मोठं नसताना ते सानिकाला म्हणाले, “तो सव्विसावा भाग दाखवतेस?”

झोल्डरवर बसून दोघांनी तो बघितला. मुलगी शिरस्त्राण हातात घेऊन उभी होती. बाप नकाशाकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून. ती नमस्कार करते, वळते, दारापाशी थांबते आणि काहीतरी अगदी छोटं बोलते. बापाचे खांदे एकदम खाली येतात. तो वळतो, तोवर दार बंद झालेलं असतं.

“काय म्हणाली?” विनायकरावांनी विचारलं.

“इंग्लिशमध्ये आलंय, हॅव यू ईटन, डॅड. बाबाने मला मराठीत म्हणून दाखवलं होतं, ते भारी होतं. ‘बाबा, तू जेवलास का?’ मला रडू आलं होतं.” मग ती जरा थांबून म्हणाली, “मग त्याने चेंज का केलं, आजोबा? सो स्टुपिड. ती ‘तुम्ही’ म्हणाली, तर तो वळेल तरी कशाला?”

एकवाक्यता ही सबब होती, हे विनायकरावांना तिथेच उमगलं. समोर बसलेल्या या पोरीचा ‘ए बाबा, तू’ त्यांना चार उन्हाळे खटकत होता. घरात ते तो खोडू शकत नव्हते, म्हणून त्यांनी तो कागदावर खोडला होता. आणि सुदर्शनने तो खोडू दिला, कारण सासऱ्याला ‘नाही’ म्हणायची रीत त्याच्या घरात नव्हती. सगळे आपापल्या जागी ‘तुम्ही’ म्हणत राहिले होते.

पुढच्या शनिवारी सुदर्शनने तेन्गारा खोक्यांत भरले आणि सायकलीच्या पुढच्या पेटीत घालून, चार खेपा करून, जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन आला. “बरं झालं, जागा मोकळी झाली,” अमृता म्हणाली. झोल्डरवर आता कपडे वाळू लागले. गाडीत तो काय वाचतो, हे विनायकरावांनी एकदा आडून विचारलं. “काही नाही, झोपतो,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. त्यांना गरम पाण्याची पिशवी आणून देण्यात, डॉक्टरची वेळ घेण्यात, कशातही तो कमी पडला नाही. फक्त त्यानंतर त्याने त्यांच्यापुढे कसलाही कागद ठेवला नाही.

त्या दोघांचं पुढे बिनसलं ते यामुळेच, असं म्हणता येणार नाही. घरं एवढ्याशा कारणाने मोडत नसतात. पण अमृताच्या मनात अकरा वर्षं फुकट घालवलेला माणूस म्हणून जो नवरा उरला, तो तसा नव्हता. हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो गप्प बसला.

निघायच्या दिवशी अमृता त्यांना विमानतळावर सोडणार होती, सुदर्शनला ऑफिस गाठायचं होतं. सकाळी साडेसातला तो त्यांची बॅग हुकाच्या काट्याला अडकवून, दोन्ही हातांनी उचलून धरून वजन बघत होता. खोलीत दोघंच होते. विनायकरावांनी पहाटेपासून एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. ‘सुदर्शनराव, ते वाक्य तुमचंच बरोबर होतं.’ सहा शब्द. काना-मात्रा सगळं तपासून झालं होतं. ते पलंगाच्या कडेला बसले, उठले, पुन्हा बसले.

“सुदर्शनराव,” ते म्हणाले.

“हं? पंचवीस भरतेय, नाना. दोन किलो काढावं लागेल.”

“मग... चीज काढा.”

“दोन्ही?”

“दोन्ही काढा. तिकडे कोण खातंय!”

“बरं. मग चेन लावू ना?”

“लावा.”