न जळणारी वीज आणि जळणारा मी

प्रकाशनं जनरेटर सोडून फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता वीज करणारी पेटी, घेतल्याचं मला माझ्याच बायकोकडून कळलं. "त्याच्या कार्यक्रमात शब्द अन् शब्द आयकू येते म्हणे," वंदना म्हणाली. प्रकाश एकेकाळचा माझा भागीदार, आता साउंडच्या धंद्यातला प्रतिस्पर्धी. त्यात आमची सोनल अड्याळला त्याच्याच माइकवर गाणार होती. रविवारी भंडाऱ्याहून मोटारसायकल काढली. निमित्त मुलीच्या गाण्याचं, पोटदुखी वेगळीच.

अड्याळ पवनीच्या रस्त्यावर. रस्ता बरा आहे, सावकाश गेलात तर तासभर धरा. दुतर्फा धान, मध्येच एखादा तलाव. वाटेत तर्री-पोहे जरूर खा, तीस रुपयांत पोट भरतं. मला मात्र धड चव लागली नाही.

मंडपामागे ती पेटी दिसली. आवाज नाही, शेजारी मिथेनॉलची कॅन. आत काहीच जळत नाही म्हणे. जळायला मी होतोच.

"मी याच्याहून मोठी घेऊन राहिलो. एकच, दणकट," मी ठोकून दिलं.

"मोठी कायले?" प्रकाश म्हणाला. "वीज बनवणारे हे दोन स्टॅक अलग हायेत. उतरंडच समज, पण एक गाडगं काढलं तं बाकीचे पडत नाही. लोड वाढला तं तिसरा लाव. अन् हायड्रोजनवर चालणारी घेतली तं सिलिंडर भरायले घडीघडी नागपूरले कोण जाते? कॅन बरी."

हसत बोलला, म्हणून जास्तच लागलं.

सोनल गाऊ लागली. माझ्या जनरेटरच्या घरघरीत वाढलेली पोर. तिचा श्वाससुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, तोही प्रकाशच्या मंडपात. बंद पडो मेलं, असं मनात आलं. आणि दुसऱ्या कडव्याला खरंच एका स्टॅकचा लाल दिवा लागला. पोरीचं गाणं थांबणार म्हणून मी उठलोच. प्रकाशनं तेवढा स्टॅक बंद केला, लोड कमी करायला मंडपातले पंखे थांबवले. माइक चालूच राहिला. सोनलला पत्ताही लागला नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर वंदनाला सांगितलं, आपण दोन छोटे स्टॅकच घेऊ, सोबत बॅटरी. ॲम्प्लिफायर एकदम वीज ओढतो तेव्हा तीच सांभाळते. तुम्ही घेणार असाल तर तुम्हालाही हेच सांगेन. प्रकाशचा हेवा काही गेला नाही. अक्कल त्याची म्हटल्यावर थोडा वाढलाच.

जेवताना सोनल म्हणाली, "बाबा, मी गाऊन राहिली होती तवा तुमी डोळे पुसत होते ना?"

"धूर गेला होता डोळ्यात."

"त्या पेटीले धूर कुठं असते, बाबा?"