साडूंचा दिवाळसण

आमच्या साडूंइतका एका जागी न टिकणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून आजवर झालेला नाही, आणि आणखी एखादा होऊ नये म्हणून आमच्या सासूबाई गावदेवीला दर मंगळवारी हात जोडत असत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून बरेच लहान, म्हणून मला दादा म्हणतात. मी नात्याचा मान म्हणून त्यांना अहोजाहो करतो. मी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात खुर्चीवर बसून नोकरी केली आणि बसण्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. या गृहस्थांना मात्र बसणं म्हणजे शिक्षा. लग्नाच्या मांडवात सगळे पंगतीची वाट बघत असताना हे मांडवाच्या खांबाला टाच लावून पोटरी ताणत उभे. कोणाच्या मयताला गेले तरी स्मशानात एका पायावर, दुसरा पाय मागून हाताने धरलेला. एकदा एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या साडूला पायात कायतरी भरलंय काय रं?" मी म्हटलं, पायात नाही, डोक्यात.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. साडू तेव्हा आसनगावच्या एका कंपनीत पर्मनंट होते, आणि याच एका शब्दावर आमच्या सासऱ्यांनी मुलगी दिली होती. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. सरळगावच्या अलीकडे, किन्हवलीकडून येणाऱ्या रस्त्याला लागूनच त्यांचं घर आणि भाताची खाचरं. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच साडूंनी कंपनीचा राजीनामा दिला आणि जाहीर केलं की आता आपण प्रोफेशनल ट्रायथलीट. नाशिकचे एक सायकलवाले शेठ त्यांच्यावर खूष झाले होते. त्यांनी सायकल, बूट, कपडे आणि दरमहा खर्चाला काही द्यायचं कबूल केलं होतं, एका वर्षासाठी. वर्ष संपताना शहापुरातच मोठी शर्यत व्हायची होती. तीत पहिल्या तिघांत नंबर आला तर पुढची तीन वर्षं पक्की, नाही आला तर रामराम.

ही बातमी मामांना सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी साडूंनाच पुढे ढकललं. मामा ओट्यावर विडी ओढत होते.

"म्हंजे करता काय तुमी?" मामांनी विचारलं.

"आधी पोहतो, मामा. मग सायकल चालवतो. मग पळतो."

"बरं. आनि पोचता कुठं?"

"जिथून निघालो तिथंच."

मामांनी विडीचा एक झुरका घेतला. मग म्हणाले, "मंग निघायचं कशाला?" साडूंनी ओट्याच्या खांबाला टाच लावून पोटरी ताणायला घेतली. मामा उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. त्या वर्षी पहिली दिवाळी होती. पहिल्या दिवाळीला जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पाटावर बसवून ओवाळायचं, टॉवेल-टोपी द्यायची, ही आमच्याकडे साध्यातल्या साध्या घरातही न चुकणारी गोष्ट. मामांनी मला माणूस पाठवला, साडूंना नाही. धाकटीला तेवढा निरोप आला, 'तू ये.' धाकटी बापाचीच लेक, तिने उलट निरोप धाडला, "त्यांना बोलावनं नाय तर मला पन माहेर नाय." झालं! सरळगावाकडचा रस्ता तिने बंद केला. रोज संध्याकाळी मात्र ती आटगावच्या आपल्या घराच्या दारात उभी राहून मुरबाडकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारायची, "आई दिसली का वो माजी? बरी हाय ना?"

साडूंना हे दिसत होतं, नाही असं नाही. पण त्यांचा सराव काही थांबेना. अंगणात एक विलक्षण प्रकार चालायचा. हे ओल्या चड्डीवर हंडाभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायचे, तसेच धावत सायकलीकडे जायचे, हेल्मेट, चष्मा, बूट अशी घालघाल करून सायकलीवर टांग मारायचे, अंगणाला एक चक्कर मारून लगेच उतरायचे, ते बूट काढून दुसरे घालायचे आणि पळत सुटायचे. परत येऊन पुन्हा हंडा. पाण्यातून सायकलीवर आणि सायकलीवरून जमिनीवर येताना वेळ वाया जाऊ नये म्हणून हा अभ्यास. शेजारच्या काकींनी तीन दिवस कुंपणातून बघितलं आणि चौथ्या दिवशी लिंबू-मिरची घेऊन आल्या. "गो, अंगात येतंय तर मान दे त्याचा," असं त्यांनी धाकटीला सांगितलं. धाकटीने लिंबू ठेवून घेतलं आणि सरबत करून नवऱ्याला दिलं.

पोहण्याची तर आणखी तऱ्हा. आमच्याकडे पोहायचा तलाव कुठला असायला! नदीच्या डोहात लांबवर पोहायला जागा पुरेना, तेव्हा यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक काठावरच्या जांभळीला, आणि जागच्या जागी हातपाय मारत तासभर पोहायचं. एके दिवशी पलीकडच्या पाड्यावरची चार माणसं तिथून चालली होती. त्यांनी पाहिलं, दोराला बांधलेला माणूस पाण्यात हातपाय झाडतोय आणि एक वीतही पुढे येत नाही. त्यांनी आरडाओरडा करत दोर धरला आणि यांना सरळ काठावर ओढून काढलं. पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या. कोणीतरी चहा आणला. आता दुसरा कोणी असता तर ओरडला असता. साडू चहा प्याले, चौघांच्या पाया पडले, "तुमी होता म्हनून वाचलो," म्हणाले आणि घरी आले. मी विचारलं, "अहो, सांगायचं नाही का?" तर म्हणे, "दादा, एवढ्या जिवाच्या आकांतानं ओढलं त्यांनी. त्यांचं मन कसं मोडू?"

हा त्यांचा खरा रोग. घाई जगाची, पण वडीलधाऱ्याला नाही म्हणायची जीभ देवाने दिलेलीच नाही. रोज सायकलीवर मुरबाडपर्यंत जाऊन येतात म्हटल्यावर वाटेवरच्या गावांनी त्यांना टपालखातंच करून टाकलं. कोणी ब्लाउज शिंप्याकडे द्यायला सांगे, कोणी लेकीकडे सुके बोंबील पोचवायला, कोणी गुरांच्या डॉक्टरकडून बाटली आणायला. शेठने खास हलकी म्हणून दिलेली सायकल, तिच्या दांड्याला लाल माठाची जुडी लोंबकळलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मात्र मामांच्या घरासमोरून जाताना हे खाली मान घालून जात. मामा ओट्यावर असले तर ते तोंड फिरवून बसत. जावई दारावरून गेला आणि पाण्याला उतरला नाही, उतरवला नाही, हे सगळं गाव बघत होतं. दोघांनाही ते लागत होतं आणि दोघेही एकाच मातीचे अडेलतट्टू.

शर्यत आली ती पुढच्या वर्षीची दिवाळी होऊन महिना उलटल्यावर, थंडीत. आधी तलावात पोहायचं, मग शहापूरहून किन्हवलीवरून सरळगावाच्या पुढे जाऊन परत, आणि शेवटी शहापुरात पळायचं. मला ऑफिसातून रजा काढून मोटारसायकलवर मागोमाग जायचं होतं. मागे धाकटी, हातात पाण्याच्या बाटल्या.  साडू पाण्यातून निघाले ते बरेच मागे होते. पण एकदा सायकलीवर बसले आणि काय सांगू! ज्या रस्त्यावर रोज लोकांचे बोंबील वाहिले, त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ. किन्हवली ओलांडेपर्यंत चौथे, वळसा घेऊन परत फिरताना दुसरे. मी खुर्चीवरचा माणूस, पण मोटारसायकलवर उभा राहून ओरडत होतो. आणि तेवढ्यात सासुरवाडी आली.

तिथे काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. मामा सकाळी मुरबाडला जायला म्हणून रस्त्यावर येऊन उभे राहिले. नाक्यावर हवालदार, रस्त्यावर चुन्याचे बाण, आणि एष्टी इंजिन बंद करून बाजूला लावलेली. हीच ती एष्टी, जी मामांनी हात केला तरी आयुष्यात वेळेवर थांबली नव्हती. मामांनी विचारलं, "मंत्री येतोय काय?" हवालदार म्हणाला, "मंत्री नाय ओ बाबा, सायकलवाले हायत. त्यात एक तुमच्या गावचा जावई हाय म्हनतात." मामा एष्टीकडे बघत राहिले. त्यांच्या हिशेबी नोकरी म्हणजे सरकारी किंवा पर्मनंट; पण सरकार ज्याच्यासाठी एष्टी अडवतं तो काहीतरी असणारच. मुरबाडला न जाता ते तसेच घरी आले आणि मामींना म्हणाले, "तांदूळ भिजत घातलेत ते राहू दे. पाट काढ."

जाताना तिथे काहीच नव्हतं; परतताना आम्ही वळणावरून आलो तर डांबरी रस्त्याच्या कडेला शेणाचा सडा, त्यावर रांगोळी, दोन पाट, आणि मामी पदराच्या आडोशाने निरांजन सांभाळत उभ्या. मामा रस्त्याच्या मधोमध, हात आडवा करून. साडूंनी कचकन ब्रेक मारला.

"जावई, उतरा."

मी ओरडलो, "मामा, अहो शर्यत आहे! सोडा त्यांना!" धाकटी गाडी थांबायच्या आत उडी मारून धावली. "बाबा, नंबर जाईल ओ त्यांचा! वरीसभर मेहनत केलीय त्यांनी!"

"नंबर कुठं जातोय?" मामा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "वरीस झालं गो. जावयाच्या पायावर पानी घातलं नाय मी. चुकलं माझं. आज तरी घालू दे."

साडूंनी एकदा पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. किती वेळ जाईल, काय हातचं निसटेल, हे त्या माणसाला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती बापाचा हात धरून रडत होती. साडूंनी हेल्मेटचा पट्टा सोडला, बूट काढले आणि पाटावर जाऊन बसले. वर्षभरात मी त्यांना असं मांडी घालून बसलेलं पाहिलं नव्हतं.

मामांनी तांब्याने पाय धुतले, घाई न करता, दोन्ही. मामींनी घामाने थबथबलेल्या कपाळावर कुंकू लावलं ते लगेच नाकावर ओघळलं. ओवाळून होतंय तोच मागून एक सायकल सूंकन गेली. "जाऊ द्या," मामा म्हणाले, "लेकाला घाई हाय." करंजी तोंडात घातली तेव्हा दुसरी गेली. "ह्यो पन," मामा म्हणाले. वर्षभर गोडाला न शिवलेल्या साडूंनी करंजी खाल्ली आणि मामींनी पुढे केलेली दुसरीही खाल्ली. टॉवेल-टोपी दिली, टोपी त्यांनी घातली आणि तिच्यावर हेल्मेट चढवलं. नारळ ठेवायला ओटीही नाही, खिसाही नाही. तो पाठीवरच्या कप्प्यात कोंबला. मग मामांच्या पाया पडून ते सायकलीवर बसले आणि जे सुटले, ते मी मोटारसायकलवरून गाठू शकलो नाही.

चौथे आले. तिसऱ्याच्या पाठीला हात लागेल इतक्या जवळ, पण चौथे. चेहऱ्यावर ओघळलेलं कुंकू बघून डॉक्टर धावले, त्यांना वाटलं पडले. शेठ आले. चांगला माणूस, हळहळत होता. "पंक्चर झालं का रे?" त्यांनी विचारलं. साडू म्हणाले, "हो शेठ, पंक्चर." मी तोंड उघडलं तर त्यांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस काळानिळा होता. नंतर मी भांडलो त्यांच्याशी. खरं सांगितलं असतं तर शेठने आणखी एक संधी दिली असती, मला खात्री होती. तर म्हणतात, "दादा, मग उद्या शेठ कोनाकडं बोट दाखवनार? म्हाताऱ्याकडं. नको." शेठचं वर्ष संपलं. साडू पुन्हा एका कंपनीत लागले, पाळीच्या कामावर, आणि हळूहळू त्यांना खुर्चीत बसण्याचीही सवय झाली.

आता रविवारी सकाळी आमच्या त्या रस्त्यावरून मुंबई-कल्याणकडची पोरं जातात, रंगीत कपडे, महागड्या सायकली, झुंडीच्या झुंडी. मामांचे गुडघे गेलेत, ते ओट्यावर बसून प्रत्येकाला हात करतात, "ओ, पानी घ्या, उतरा!" कोणी हसून हात हलवतं, बरेचसे बघतही नाहीत. मामा मान हलवतात. "एक पन उतरत नाय. आमचे जावई उतरले होते. शर्यत सोडून उतरले, आनि तरी पयले आले. काय वो?"

साडू शेजारीच बसलेले असतात, वळणापलीकडे दिसेनाशा होणाऱ्या सायकलींकडे बघत. "हो मामा," ते म्हणतात.

माझ्या दर वेळी जिभेवर येतं. एकदा तरी या म्हाताऱ्याला कळू दे, की त्या पाटावर या माणसाने काय सोडलं. तेवढ्यात आतून धाकटी चहा घेऊन येते, एक कप बापाच्या हातात देते, एक नवऱ्याच्या, आणि दोघांच्या मध्ये ओट्यावर बसते. मी माझा चहा घेतो आणि फुंकर मारत बसतो.