पूजेतले कोयते

मोडलेला कोयता टेबलावर पडला होता आणि तो बनवणाऱ्या वर्कशॉपचे मॅनेजर बापूराव मला पटवून देत होते की दोष त्या लाकूडफोड्याचाच. त्याने पात्याच्या पाठीवर दांडकं हाणलं, म्हणून पातं तुटलं म्हणे. तुकडा उडाला आणि मुत्तू नावाच्या त्या माणसाचा डावा डोळा गेला. तंजावरच्या एका वखारीत तो सुरूची लाकडं फोडायचा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी छोट्या वर्कशॉपांचा सरकारी इन्स्पेक्टर होतो. दोष मुत्तूचा ठरला असता तर भरपाई सोडाच, त्याला कुठल्या वखारीत कुणी उभं केलं नसतं.

मी म्हटलं, "बापूराव, हा लाकडं फोडायचा कोयता आहे. पाठीवर मार खायचा, हेच त्याचं काम."

लोकांना वाटतं, पोलाद जितकं कडक तितकं चांगलं. पापडही कडकच असतो. तापवून लाल केलेलं पातं तेलात बुडवून कडक करतात, ते हार्डनिंग. तेवढ्यावर सोडलं तर ते काचेसारखं फुटतं. म्हणून परत बेताच्या आचेवर तापवतात. हे टेम्परिंग. त्याने थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो.

मी पात्यावर कानस चालवली. ती चावेना, नुसती घसरली. टेम्परिंग झालंच नव्हतं. बापूराव मात्र शपथेवर सांगत होते की तसं पातं इथून बाहेर जातच नाही.

मग मी लाकडी मूठ काढली. आत पात्याच्या शेपटीवर वाळलेलं चंदन होतं, पिवळंधमक. ते लावल्यावर पातं परत भट्टीत गेलं असतं तर चंदन जळून गेलं असतं.

बापूराव खाली बसले आणि खरं काय ते सांगू लागले. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी एक लॉट हार्डनिंग होऊन पडला होता. पूजेसाठी भट्टी विझवली, पाती घासून लखलखीत केली, चंदन-कुंकू लावून देवीपुढे मांडली. दसऱ्याला मुठी बसवून तशीच विकली.

"देवीपुढें ठेवलेलें परत जाळांत कसें घालायचें, राव? मन झालें नाहीं."

मला संताप आला. त्यांची कीवही आली.

पार ओरत्तनाडू गावापर्यंत दवंडी पिटवून कोयते परत मागवले. सगळे आले नाहीत. बापूरावांची नोकरी गेली. मुत्तूला भरपाई मिळाली.

ते सांगायला मी इस्पितळात गेलो. कोयत्यात काय खोट होती, असं त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं.

"दुकानात दोन ढीग होते, सार," तो म्हणाला. "कुंकू लागलेला मीच मागून घेतला."

रिपोर्टात शेवटी एवढंच लिहिलं की माल आधी पुरा करावा, मग देवापुढे ठेवावा.